आपल्या राष्ट्रीय संघांनी ११ दिवसांत लावलेले दिवे

बारावा गडी (धागाकर्ता)

१६ नोव्हेंबर २०२५, ईडन गार्डन्स. १२४ धावा करायच्या होत्या, डाव ९३ वर आटोपला. गिल मान धरून रुग्णालयात होता हे मान्य, पण बाकीचे तर मैदानातच होते. १८ नोव्हेंबर, ढाका. फुटबॉलमध्ये बांगलादेशाकडून ०-१. बांगलादेशाने आपल्याला हरवलं त्याला २२ वर्षं झाली होती, तोही हिशेब चुकता झाला. २६ नोव्हेंबर, गुवाहाटी. दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हार. धावांच्या फरकाने कसोटीत याहून मोठा पराभव आपल्या वाट्याला कधीच आला नव्हता.

यातल्या क्रिकेटबद्दल मी फार लिहिणार नाही. त्यावर बोलायला अख्खा देश आहे, वाहिन्यांवर माजी खेळाडू रात्री बारापर्यंत बसलेले असतात. माझं दुखणं फुटबॉलचं आहे. ढाक्याच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याला ज्याला सांगितलं त्याने विचारलं, "काल मॅच होती?"

जरा मागे जाऊ. जुलै २०२३ मध्ये आपण फिफाच्या क्रमवारीत ९९ वे होतो. त्या उन्हाळ्यात भुवनेश्वरला लेबननला हरवून इंटरकॉन्टिनेंटल चषक घेतला, बंगळुरूच्या कांतीरवावर पेनल्टी शूटआउटमध्ये कुवेतला हरवून सॅफ चषक घेतला, आणि स्टेडियमभर 'वंदे मातरम्' घुमलं. वाटलं, गाडी रुळावर आली. पुढचं २०२४ साल बघा. ११ सामने, विजय शून्य, गोल ४. आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याविरुद्ध एकही गोल नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, तेही छेत्रीच्या १५०व्या सामन्यात. आणि आता १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावात छांगतेने पुढे नेलेलं असताना सिंगापूरकडून १-२ हरून २०२७चा आशियाई चषकही गेला. २४ संघांची स्पर्धा आहे ती! सव्वादोन वर्षांत ९९ वरून १४२.

मला जे म्हणायचंय ते असं, की आपण चाहते चुकीच्या दिवशी चिडतो. सामन्याच्या रात्री पेनल्टी देणाऱ्या गोलकीपरला शिव्या घालतो, प्रशिक्षकाला हाकला म्हणतो. हार त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. २०२३च्या हांगचौ एशियाडची गोष्ट आठवते का? क्लब खेळाडू सोडेनात, संघ कसाबसा गोळा केला, पोरं आदल्या दिवशी संध्याकाळी चीनमध्ये उतरली आणि दुसऱ्या दिवशी यजमान चीनविरुद्ध खेळली. १-५. आपण त्या रात्री बचावफळीवर चिडलो होतो. विमानाची तिकिटं ज्यांनी काढली त्यांच्यावर कोणी चिडलं का?

नोव्हेंबर २०२५ संपताना हे लिहितोय, तेव्हा देशातली सर्वोच्च लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, बंद आहे. महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपतोय, नवी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. खेळाडू सराव करतायत ते कोणत्या सामन्यासाठी, हे त्यांनाही माहीत नाही. आणि अशा अवस्थेत ढाक्याला जाऊन जिंकायचं.

चर्चा व्हावी. फक्त "१४० कोटींतून ११ जण मिळत नाहीत" हे वाक्य नको, हात जोडतो.

---

रिकामा स्टँड

पहिला प्रतिसाद माझा. १४० कोटींतून ११ जण मिळत नाहीत. :)

---

मिडऑन

धागा चांगला, पण क्रिकेटला दोन ओळींत गुंडाळलंत हे पटलं नाही. राग पैशाच्या प्रमाणात असावा असं माझं मत आहे. फुटबॉल महासंघाकडे नाही म्हणून नाही. क्रिकेट मंडळाकडे काय कमी आहे?

२०१३ ते २०२४ आपण घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. मग न्यूझीलंड आलं आणि ३-०. बंगळुरूत ४६ सर्वबाद ढगाळ हवेत झालो, ते सोडून देऊ. पण पुण्यात सँटनरने १३ बळी घेतले, वानखेडेवर एजाझ पटेलने ११. फिरकीवर! आपल्याच मातीत! वानखेडेवर १४७ करायच्या होत्या, १२१ वर खेळ खल्लास. बरं, त्यातून काही शिकलो म्हणावं तर वर्षभराने ईडनवर पुन्हा तसलाच आखाडा. सायमन हार्मरने दोन कसोटींत १७ बळी नेले. आणि सामना हरल्यावर प्रशिक्षक सांगतात, खेळपट्टी आम्हाला हवी तशीच होती. अहो मग हवी तशी मिळून हरलात हे जास्त वाईट नाही का?

माझं निदान साधं आहे. आपले फलंदाज फिरकी खेळत नाहीत कारण देशांतर्गत क्रिकेटच खेळत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने फर्मान काढल्यावर रोहित मुंबईकडून रणजी खेळायला उतरला, आणि मुंबई घरच्या मैदानावर जम्मू-काश्मीरकडून हरली. कोहली दिल्लीकडून उतरला, ६ धावांवर त्रिफळा. गर्दी मात्र अशी की आयपीएल वाटावी. फर्मान काढून रणजी खेळावी लागते, यातच सगळं आलं.

---

बारावा गडी

मिडऑन, पटलं. पण बघा, तुमचंही निदान सामन्याच्या दिवसाचं नाहीच, वेळापत्रकाचं आहे. म्हणजे आपण एकाच बाजूला आहोत.

(रिकामा स्टँड यांना दंडवत.)

---

आकडेशास्त्री

१४० कोटींचा विषय निघालाच आहे तर एकदा निकालात काढू.

ज्या १८ नोव्हेंबरला आपण ढाक्यात हरलो त्याच तारखेला कुरासाओ नावाचं कॅरिबियन बेट जमैकाशी ०-० बरोबरी करून २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरलं. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. विश्वचषकाला जाणारा आजवरचा सर्वांत लहान देश. त्याआधी ऑक्टोबरात केप व्हर्दे, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. डोकी मोजून फुटबॉल होत नाही, नियमित स्पर्धात्मक सामने खेळणारी मुलं किती आहेत त्यावर होतो.

पण कुरासाओचं उदाहरण आपल्याला लावू नका. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या अकादम्यांत घडलेले आहेत. आपण बघायचं तर उझबेकिस्तानकडे बघावं. २०२३ मध्ये २० वर्षांखालील आशियाई विजेते, २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई विजेते, आणि त्याच २०२५च्या जूनमध्ये मोठा संघ पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र. ज्या संघाने आशियाई चषकात कतारमध्ये आपल्याला ३-० हरवलं तोच हा संघ. त्यांनी खालच्या वयोगटांत पैसा आणि वर्षं घातली, वरचं फळ नंतर आलं.

आता आपलं. इंडियन सुपर लीग २०१४ला सुरू झाली. २०२४-२५च्या मोसमापर्यंत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एलानोपासून अजारईपर्यंत सगळे परदेशी. त्या मोसमात भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे? सुनील छेत्री, १४. वय ४०. क्लबचा मालक म्हणणार, मला सामना जिंकायचाय, मी पुढच्या फळीत परदेशी माणूसच खेळवणार. त्याच्या जागी मीही तेच करीन. मग राष्ट्रीय संघाला नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा मुख्य स्ट्रायकर, कुठून मिळणार? म्हणून तर जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं. त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला. मला त्या गोलाचा आनंद झाला नाही, खरं सांगतो.

---

तालीमबाज

आकडेशास्त्री, एक नंबर.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की आख्खी पेठ मैदानावर असतीय. भारतात फुटबॉल बघायला लोक येत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा यावं. पोरं बारा-तेरा वर्षांची असल्यापासून खेळतात, पायात जान असतीय. पण पुढं काय? तालमीचा सीझन काही महिन्यांचा, तो संपला की पोरगं मोकळं. वीस-बाविसाव्या वर्षी घरचे विचारतात, आता नोकरीचं बघणार का? आणि बरोबरच विचारतात.

आमचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडनं खेळला. त्या संघाचं बघा. जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध दिल्लीत हेडरनं गोल केला, फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला आपण गोल खाल्ला, ते सोडा. त्या पोरांना एकत्र ठेवायला इंडियन अ‍ॅरोज संघ होता, आय-लीगमध्ये खेळायचा, हरायचा, पण खेळायचा. जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, रहीम अली ही सगळी त्याच बॅचची पोरं, आज मोठ्या संघात. म्हंजे जे थोडंफार चाललंय ते त्या एका बॅचवर. आणि २०२२ला अ‍ॅरोज बंद केला. का केला, तर त्याच्यापेक्षा वेगळी लीग काढू म्हणाले.

माझा राग तिथं आहे भावांनो. ढाक्यात नाही.

---

हॉकीनाना

तुम्हां मंडळींचं वाचतोय आणि मनात म्हणतोय, हे सगळं आम्ही आधी भोगलंय.

१९२८ ते १९५६ ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदकं. १९७५ला क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक. आम्ही रेडिओला कान लावून होतो. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी माँट्रियल, पहिल्यांदाच कृत्रिम मैदान, आपण सातवे. तिथून जी उतरण लागली ती मार्च २००८ला चिलीतल्या सँटियागोमध्ये संपली असं वाटलं. ब्रिटनकडून ०-२ हरलो आणि बीजिंग ऑलिंपिकला हॉकी संघच नाही! १९२८ पासून पहिल्यांदा. उतरण खरी संपली नव्हतीच म्हणा, २०१२ला लंडनला गेलो आणि सहाच्या सहा सामने हरून शेवटचे आलो.

आता पुढचं नीट वाचा, कारण फुटबॉलवाल्यांच्या कामाचं आहे. २०१६ला लखनौमध्ये आपल्या ज्युनियर संघाने विश्वचषक जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, सुमित, गुरजंत, वरुण आणि सिमरनजीत पाच वर्षांनी टोकियोत होते. जर्मनीविरुद्ध ५-४, कांस्य, ४१ वर्षांनी पदक. त्यात सिमरनजीतचे दोन गोल. पॅरिसला पुन्हा कांस्य. मधल्या काळात प्रशिक्षक आले-गेले, भांडणंही झाली, पण ओडिशा सरकारने २०१८ पासून पैसा घातला, शिबिरं सलग चालली आणि ज्युनियरची पोरं वाऱ्यावर सोडली नाहीत. सँटियागो ते टोकियो १३ वर्षं लागली. फुटबॉलची तर अजून सुरुवात झालेली दिसत नाही.

आणि तरी हॉकीवाल्यांनी कॉलर ताठ करायचं कारण नाही. २०२३चा विश्वचषक घरी, भुवनेश्वर आणि राउरकेला, आणि न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरून उपांत्यपूर्व फेरीही नाही. जून २०२५मध्ये युरोपात प्रो लीगचे सात सामने ओळीने हरलो. मुलींचा संघ रांचीत जपानकडून हरून पॅरिसला मुकला. आमच्या पिढीला तर अजूनही प्रत्येक वेळी शेवटच्या दोन मिनिटांत गोल खाऊ अशी धाकधूक असते. सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया चषक घेतला तेव्हा कुठे दोन रात्री झोप लागली.

---

ऑफसाइड ताई

सगळे "राष्ट्रीय संघ" म्हणतायत आणि कोणालाही अर्धे संघ आठवत नाहीयेत. नानांनी मुलींची आठवण काढली, पण पराभव सांगायलाच.

धाग्याच्या नावात ११ दिवस आहेत ना? त्याच ११ दिवसांत, २३ तारखेला, अंध मुलींच्या संघाने कोलंबोत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. २४ तारखेला, त्याच ढाक्यात जिथे तुमचे फुटबॉलवाले हरले, आपल्या मुलींनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, चायनीज तैपेईला ३५-२८ हरवून. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत काय झालं ते मी सांगायला नको. त्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकात हरमनप्रीत कौरचा संघ मध्येच दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला होता. तेव्हा समाजमाध्यमांवर काय भाषा चालली होती ती मी वाचली आहे. स्वयंपाकघरात पाठवण्यापासून सगळं. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावा पार केल्या, जेमिमाच्या नाबाद १२७. तेच लोक रडत होते.

फुटबॉलचंच बोलायचं तर ५ जुलै २०२५ला चिआंग माईत आपल्या मुलींनी थायलंडला थायलंडमध्ये २-१ हरवलं. संगीता बासफोरचे दोन गोल. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकाला जाण्याची ही पहिलीच वेळ. याच महासंघाखाली, याहून कमी पैशात. आधी यांच्याच वाट्याला काय आलं होतं? २०२२च्या जानेवारीत नवी मुंबईत आशियाई चषक घरी होता, संघात कोविड पसरला, सामन्याला पुरेशा खेळाडू उभ्या राहिल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने महासंघाला निलंबित केलं, तेव्हा गोकुलम केरलाच्या मुली ताश्कंदला पोचल्या होत्या आशियाई क्लब स्पर्धेसाठी. न खेळता परत. त्यांनी कोणाला शिव्या घातल्या?

त्यामुळे बारावा गडी, तुमचं निदान मला ७० टक्के पटतं. व्यवस्था वाईट आहे म्हणून हार आधीच ठरलेली असते म्हणता, तर मग या कशा जिंकल्या?

---

बारावा गडी

ताई, प्रश्न बिनतोड आहे. उत्तर लगेच नाही माझ्याकडे. विचार करून लिहितो.

---

रिकामा स्टँड

माझ्याकडे आहे. मुलींच्या फुटबॉलमध्ये आशियात वरचे पाच-सहा देश सोडले तर बाकीच्यांचीही व्यवस्था आपल्यासारखीच फाटकी आहे. शर्यतीत सगळे अनवाणी असले तर ज्याच्या पायात दम तो जिंकतो. मुलांच्या फुटबॉलमध्ये बाकीच्यांनी बूट घातले.

---

ऑफसाइड ताई

थायलंडच्या मुली दोनदा विश्वचषक खेळल्यात, २०१५ आणि २०१९. अनवाणी नव्हत्या त्या. पण मुद्दा थोडा पटतो.

---

मिडऑन

अवांतर: अनवाणीवरून आठवलं, १९५०च्या विश्वचषकाला आपण बूट घालू देत नाहीत म्हणून गेलो नाही ही थाप अजून किती वर्षं चालणार?

---

आकडेशास्त्री

थापच आहे. लांबचा बोटीचा प्रवास, तयारी, आणि मुख्य म्हणजे त्या काळी महासंघाला ऑलिंपिकच मोठं वाटायचं. गंमत म्हणजे आपण एकही पात्रता सामना न खेळता पात्र ठरलो होतो, बाकीच्यांनी माघार घेतली म्हणून. विश्वचषकाच्या इतकं जवळ पुन्हा कधी गेलो नाही.

पण तो काळ खोटा नव्हता. १९५१ला दिल्लीत आशियाई सुवर्ण, १९५६ला मेलबर्नला नेव्हिल डिसूझांची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक आणि ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण. ते सगळं सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या माणसाच्या डोक्यातून आलं. जकार्ताच्या वेळी कर्करोग झालेला होता, पुढच्या वर्षी गेले. आणि मग त्यांच्या जागी तसं दुसरं डोकं तयार करावं असं कोणाला वाटलं नाही. १९६० नंतर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण दिसलेलो नाही.

---

पेठेतला पेले

इतकं सगळं वाचलं. सगळे व्यवस्था व्यवस्था करतायत. मला सांगा, हाँगकाँगविरुद्ध जून २०२५मध्ये आशिक कुरुनियनसमोर गोल उघडा पडला होता, त्याने बाहेर मारला. तो व्यवस्थेने मारला का बाहेर? ९०+ मिनिटाला विशाल कैथ बॉल सोडून माणसाला ठोसा लगावतो, पेनल्टी, ०-१. हे महासंघाच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं का करायला? खेळाडूंना कोटीच्या घरात पैसे मिळतात क्लबकडून. आपण जरा जास्तच समजूतदार झालोय. मी तर म्हणतो शिव्या घाला, बिनधास्त घाला. छेत्रीनेच सांगितलं होतं.

---

बारावा गडी

छेत्री काय म्हणाला होता ते पूर्ण सांगा की. जून २०१८, अंधेरी. चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा स्टेडियमवर जेमतेम अडीच हजार लोक. त्याने व्हिडिओ टाकला, की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. पुढच्या केनियाच्या सामन्याची, म्हणजे त्याच्या १००व्या सामन्याची, सगळी तिकिटं गेली. पावसात भिजत लोक उभे होते. घरी सोफ्यावर बसून फोनवर शिव्या द्यायला त्याने सांगितलं नव्हतं.

आणि आशिकचं म्हणाल तर मीही त्या रात्री उशी फेकली होती. पण तो एक चेंडू चुकला हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की वर्षभरात त्या जागी उभं राहून असे चेंडू मारायची संधी त्याला क्लबमध्ये किती मिळते? आकडेशास्त्रींनी वर सांगितलंच आहे. आणि त्या वेळचा आपला प्रशिक्षक मानोलो मार्केझ एकाच वेळी गोव्याच्या क्लबचाही प्रशिक्षक होता. अर्धवेळ! आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. नेमताना हे दिसत नव्हतं का?

---

व्यवस्थापन

एका खेळाडूच्या घरच्यांबद्दल आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. कामगिरीवर हवं तितकं लिहा. घरच्यांना मध्ये आणल्यास आयडी गोठवला जाईल.

---

हॉकीनाना

बरं केलंत. २००७ला वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात क्रिकेट संघ बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. १९९६ला ईडनवर उपांत्य सामन्यात बाटल्या, जाळपोळ, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला बहाल केला. कांबळी रडत बाहेर पडला ते चित्र कोण विसरेल. त्याच ईडनवर १९९९ला पाकिस्तानविरुद्ध प्रेक्षागार रिकामं करून सामना संपवावा लागला. पूर्वी निदान दगड मारायला घराबाहेर पडावं लागायचं. आता तेही कष्ट नाहीत.

---

पेठेतला पेले

माझे प्रतिसाद नव्हते ते, आधीच सांगतो.

बाकी भारतीय वंशाचे परदेशी खेळाडू खेळवा की. हाँगकाँगने खेळवले, बांगलादेशाने हमझा चौधुरी आणला लेस्टरहून. आपणच सोवळ्यात बसलोय.

---

आकडेशास्त्री

सोवळं नाही, कायदा आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. ढाक्याच्या दौऱ्यावर तो होताही, पण ऑस्ट्रेलियाकडचं ना हरकत प्रमाणपत्र वेळेत न आल्याने बाहेर बसून सामना बघितला. पुन्हा कागदपत्रं! पण असं पासपोर्ट सोडणारे किती निघणार? एखाद-दुसरा. त्यावर संघ उभा राहत नाही.

---

रिकामा स्टँड

कागदपत्रांचं सोडा, २०२३ मध्ये तर संघ निवडताना ज्योतिष्याचा सल्ला घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. ग्रह तरी वेळेत आले असतील.

---

बारावा गडी

:D

ऑफसाइड ताई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. व्यवस्था वाईट असली तर हार नक्कीच होते असं म्हणणं ताणलेलं होतं, ते बदलून असं म्हणतो: वाईट व्यवस्थेतही संघ कधीतरी जिंकतो, पण ते जिंकणं टिकत नाही. जुलै २०२३चे आम्ही त्याचं जिवंत उदाहरण. सॅफ चषक घेतला तेव्हा तीच लीग, तोच महासंघ, तोच प्रशिक्षक स्टिमाच होता. नऊ महिन्यांत अफगाणिस्तानकडून हरलो. क्रिकेटच्या मुलींचं जिंकणं टिकेल असं वाटतं, कारण तिथे २०२३ पासून त्यांची लीग आहे, करार आहेत, आणि अमोल मुझुमदारसारखा प्रशिक्षक आहे, ज्याने स्वतः भारताची टोपी कधी घातली नाही पण रणजीत हाडं झिजवली. संगीता बासफोरच्या संघाचं टिकेल का? मार्च २०२६मध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषकात जपानशी गाठ आहे. तोवर त्यांना किती सराव सामने मिळतात ते बघायचं. मी तरी आता निकालाच्या आधी तेच मोजणार.

---

ऑफसाइड ताई

हे चाललं मला. गटात व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईही आहेत, नुसतं जपान जपान करू नका. आणि ते सामने बघा. नुसते मोजू नका.

---

मिडऑन

मग मुलांच्या संघाचं पुढे काय? आशियाई चषक तर गेला.

---

बारावा गडी

३१ मार्च २०२६ला हाँगकाँगविरुद्ध घरी शेवटचा पात्रता सामना आहे. निकालाला काही अर्थ नाही, म्हणूनच मला त्यात रस आहे. सप्टेंबर २०२५मध्ये दोहात २३ वर्षांखालील संघाने नौशाद मूसांच्या हाताखाली बहरीनला २-० हरवलं, ब्रुनेईला ६-० झोडपलं, यजमान कतारकडून १-२ असे थोडक्यात हरले आणि पात्रता हुकली. ती अख्खी पोरं मोठ्या संघाचा प्रशिक्षक खालिद जमीलने उतरवावीत. तिशीच्या पुढचा एकही नको. हरली तर हरली, १४२ वरून आणखी किती खाली जाणार?

---

आकडेशास्त्री

१५० पर्यंत सहज जाता येतं, काळजी नसावी. गोलकीपर अनुभवी ठेवा एवढीच दुरुस्ती. बाकी अनुमोदन.

---

तालीमबाज

अनुमोदन माझंबी. पण भावा, त्या पोरांना मार्चपर्यंत मॅचा कोण देणार? लीग कवा सुरू हुणार ते कुणालाच म्हाईत नाही. जिममध्ये पळून हाँगकाँगला हरवणार हाय का?

---

बारावा गडी

राज्यांच्या संतोष ट्रॉफीत उतरवा म्हटलं तर क्लब सोडणार नाहीत. क्लब स्वतः खेळवणार तर स्पर्धा नाही. म्हणजे परत हांगचौच. ज्यांना खरंच काही मार्ग सुचत असेल त्यांनी लिहा, धागा मार्चपर्यंत वर काढत राहीन.